चालतोय की अजून!

वसुबारसेला आठवडाभर अवकाश असतो, तोच वर्तमानपत्राची पहिली दोन पाने मोबाईल फोनच्या जाहिरातींनी भरून जातात. बातमी वाचायची तर तिसऱ्या पानापासून सुरुवात करावी लागते. जुना द्या, नवा न्या. आज न्या, पुढच्या दिवाळीपर्यंत हप्ते भरा. एकावर अमुक फुकट, दुसऱ्यावर तमुक निम्म्यात! जाहिरातीतले कुटुंबही ठरलेले असते. आजोबांपासून नातवापर्यंत पाच माणसे, पाच नवे फोन, आणि पाचही जण फोनकडे पाहून हसत आहेत; एकमेकांकडे पाहायला कोणालाच सवड नाही.

आणि तरीही गंमत अशी की, आपल्या मध्यमवर्गीय घरांतून दिवाळीच्या खरेदीची जी यादी निघते, तीत फोनचे नाव पूर्वीसारखे सहज येईनासे झाले आहे. किराणा, फटाके, मुलांचे कपडे, आईला साडी, एखादे मिक्सरचे भांडे, इथपर्यंत यादी येते आणि थांबते. "आणि तुमचा फोन?" असे गृहिणीने विचारलेच, तर गृहस्थ खिशातला फोन काढून, काचेवरचा तडा अंगठ्याने झाकून म्हणतात, "चालतोय की अजून!"

हे तुमच्या-आमच्याच घरात घडते आहे असे नाही. बाजाराची मोजदाद ठेवणाऱ्या आयडीसी ह्या संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२१ साली भारतात सुमारे १६ कोटी १० लाख स्मार्टफोन बाजारात गेले. पुढच्याच वर्षी हा आकडा १४ कोटी ४० लाखांवर उतरला. २०२३ साली १४ कोटी ६० लाख, २०२४ साली १५ कोटी १० लाख, असा तो हळूहळू वर चढला खरा. पण २०२१ ची पायरी काही त्याने गाठली नाही. जगाचे पाहावे तर २०१६ च्या सुमारास वर्षाला १४७ कोटींच्या आसपास फोन विकले जात. २०२३ साली ते ११७ कोटींवर आले. दहा वर्षांतला तो नीचांक होता. माणसे काही कमी झालेली नाहीत. फोनचे व्यसनही उतरलेले नाही. ते तर वाढतेच आहे. मग फोन कमी का विकले जातात? कारण उघड आहे. आहे तोच फोन लोक जास्त दिवस वापरतात.

का वापरतात, ह्याचा शोध घ्यायला मी पुण्या-मुंबईच्या झगझगीत दालनांत जायला हवे होते, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. दालनात फोनचा जन्म दिसतो. त्याचे सारे आयुष्य समजून घ्यायचे तर त्याच्या शेवटच्या मालकाकडे जावे लागते; आणि आमच्या घराण्यातल्या फोनांचा शेवटचा मालक डोंगरकड्याला राहतो.

डोंगरकडा हे हिंगोली जिल्ह्यातले, कळमनुरी तालुक्यातले गाव. नांदेडहून निघून अर्धापूर मागे टाकले आणि वारंगा फाट्याकडे चाललो की वाटेत लागते. माझी थोरली बहीण, आमची अक्का, तिथे दिली तेव्हा हे गाव परभणी जिल्ह्यात होते; हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. नावात डोंगर आणि कडा दोन्ही आहेत, पण गावाची ओळख विचाराल तर केळी आणि हळद. इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी ह्या भागात आले, आणि ज्यांना ते मिळाले त्यांच्या शिवारात केळीच्या बागा उभ्या राहिल्या. बाकीच्यांचे सोयाबीन, हरभरा आणि पावसाकडे डोळे. दाजींची जमीन दोन्ही प्रकारची आहे. थोडी केळी, थोडी हळद, आणि वरच्या अंगाला सोयाबीन.

आमच्या घरात फोनची एक रीत पडून गेली आहे. ती तुमच्याकडेही असेल. थोरल्याचा सदरा धाकट्याला यावा तसा फोन पुढे सरकतो. २०१६ साली मी घेतलेला फोन तीन वर्षे माझ्या खिशात होता, तीन वर्षे नांदेडला वडिलांकडे होता, आणि २०२२ पासून तो दाजींकडे आहे. २०१९ चा माझा फोन २०२२ साली वडिलांकडे गेला. २०२२ साली मी नवा घेतला. ह्या हिशेबाने २०२५ साली साखळी आणखी एक घर पुढे सरकायला हवी होती. ती सरकली नाही, कारण मी नवा फोन घेतलाच नाही. पुण्यात बसून एका माणसाने "चालतोय की अजून" म्हटले, आणि सव्वाचारशे किलोमीटरवर डोंगरकड्यात एक नऊ वर्षांचा म्हातारा फोन निवृत्त व्हायचा राहिला!

मी का घेतला नाही, ते आधी सांगतो. त्यात तुमचेही कारण सापडेल.

एके काळी आपण भराभर फोन बदलत होतो, ते काही नुसत्या हौसेपोटी नव्हते. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांच्याशी भारतातले पहिले मोबाईल संभाषण केले, तेव्हा बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. तिथून पुढे प्रत्येक नव्या फोनने माणसाच्या हातात काहीतरी खरोखरीचे ठेवले. २००३ साली नोकियाचा ११०० आला. त्याच्या डोक्यावर एक लहानशी बॅटरी, म्हणजे विजेरी, होती. भारनियमनाच्या त्या वर्षांत तिची किंमत काय होती, हे रात्री दोन वाजता मोटार सुरू करायला शेतात गेलेल्या माणसाला विचारा. दाजींनी तो फोन बोलण्यासाठी कमी आणि विंचू पाहण्यासाठी जास्त वापरला. मग रंगीत पडदा आला, कॅमेरा आला. २००७ साली ॲपलचा आयफोन आणि २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन निघाला. बटणे गेली आणि काच आली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. त्याआधी एका जीबीला दोन-अडीचशे रुपये मोजणाऱ्या माणसाला काही महिने ती चक्क फुकट मिळू लागली. मात्र त्यासाठी ४ जी चालणारा फोन हवा होता. जुन्या फोनात ते सिम चालेना. म्हणून देशभर लोकांनी फोन बदलले. मीही त्याच लाटेत बदलला, आणि तोच हा डोंगरकड्याचा म्हातारा.

आता ह्यानंतरची वर्षे आठवून पाहा. कोणता नवा फोन आला आणि त्याने तुमच्या दिवसात असे काही घातले, जे आदल्या फोनात नव्हते? कॅमेऱ्याची भिंगे एकाची तीन झाली. चंद्राचा फोटो काढता येतो म्हणतात. आमच्या इमारतीतून चंद्रच दिसत नाही. १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५ जी चा शुभारंभ झाला. पण ४ जी आले तेव्हा जी धावपळ उडाली, ती ह्या वेळी दिसली नाही. पूर्वी जो व्हिडिओ अडखळत दिसायचा तो ४ जी वर सरळ दिसू लागला होता. ५ जी वर तोच व्हिडिओ थोडा लवकर सुरू होतो. एवढ्यासाठी वीस हजार रुपये कोण काढील? दुचाकीचे असेच झाले होते. सायकलवरून स्कूटरवर येणे हा आयुष्यातला बदल होता. एका स्कूटरवरून दुसऱ्या स्कूटरवर येणे हा फक्त रंगाचा बदल. स्मार्टफोन आता स्कूटर झाला आहे. दूषण म्हणून मी हे म्हणत नाही. वस्तू पुरी झाली की तिची नवलाई संपते आणि उपयोग उरतो. पितळी डबा, शिवणयंत्र, प्रेशर कुकर, सगळे ह्याच वाटेने गेले.

नवलाई संपत असताना किंमत मात्र वर चालली. २०१७ साली ज्याने भारतात विक्रीचा उच्चांक केला, तो शाओमीचा रेडमी नोट ४ दहा हजारांना एक रुपया कमी, म्हणजे ९,९९९ रुपयांपासून मिळत होता. २०२४ साली भारतात विकल्या गेलेल्या स्मार्टफोनची सरासरी किंमत २५९ डॉलर, म्हणजे एकवीस हजारांच्या पुढे होती. १ एप्रिल २०२० पासून मोबाईलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये दूरचित्रवाणी संच, वातानुकूलन यंत्रे अशा वस्तूंचा कर २८ वरून १८ वर उतरला तेव्हा फोन होता तिथेच राहिला. त्यात २०२५ च्या अखेरीस आणखी एक भर पडली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य संगणक केंद्रांनी मेमरीच्या चिपांना इतकी मागणी आणली की फोनमध्ये बसणाऱ्या चिपाही महागल्या. अमेरिकेतल्या कुठल्या केंद्रात यंत्रे शहाणी होऊ लागली म्हणून आपल्या गल्लीतल्या दुकानात फोनची किंमत वाढावी, असा हा काळ आहे.

हे सारे मला ठाऊक होते. म्हणून मी फोन बदलला नव्हता आणि त्याबद्दल मनातून थोडा अभिमानही होता. अशा मनःस्थितीत २०२५ साली महालक्ष्म्यांना मी डोंगरकड्याला गेलो.

दुसऱ्या दिवशी दाजींबरोबर गावातल्या फोन दुरुस्तीच्या दुकानात बसायचा योग आला. दुकान म्हणजे सहा फुटी टपरी. पुढे लटकणारी कव्हरे, मागे रंगीबेरंगी चार्जर, आणि मधोमध भिंगाच्या दिव्याखाली मान घालून बसलेला पंचविशीचा पोरगा. नांदेडला हे काम शिकून आला आहे. त्याच्यासमोर डझनभर फोन उघडे पडले होते. कुणाचा पडदा निघालेला, कुणाची पाठ. एका फोनच्या स्पीकरच्या जाळीतून तो बारीक सुईने पिवळी माती काढत होता. "ही काय?" मी विचारले. "हळद," तो म्हणाला. "हळद पॉलिशला लावायच्या दिवसात सगळ्यांच्या फोनचा आवाज बसतोय."

धंदा कसा चालला आहे असे विचारताच तो खुलला. "सर, आधी लोक नवा फोन घ्यायला विचारायला यायचे. आता इथंच दुरुस्त करून मागायलेत. फोन काही मरत नाही. बॅटरी मरते, चार्जिंगची पिन मरते, नाहीतर काच फुटते. बोर्ड गेलेला महिन्याला एखादाच." त्याच्याकडे बॅटरी बदलायला सहाशे-सातशे रुपये पडतात, पिनेला दोनशे. पडदा आणि काच मिळून जो संच येतो, त्याला तो 'कॉम्बो' म्हणतो. तो मात्र फोनाप्रमाणे हजार-दोन हजारांवर जातो. "कॉम्बो गेला की माणूस विचारात पडतोय," असे तो म्हणाला, आणि मला वाटते, फोनबाजाराचे मर्म त्या वाक्यात आले. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या दहाव्या हिश्शात बसतो तोवर माणूस दुरुस्त करतो.

बॅटरी आधी का जाते, ते थोडे समजून घेण्यासारखे आहे. फोनमधली बॅटरी लिथियमची. चार्ज करताना लिथियमचे भारित कण एका बाजूकडून दुसरीकडे जातात आणि वापरताना परत येतात. प्रत्येक फेरीत त्यांतले थोडे वाटेतच अडकून पडतात. पंढरीला गेलेल्या दिंडीतली चार माणसे दरवर्षी तिकडेच राहावीत तसे. जुन्या धाटणीच्या बॅटरीत पाचशेएक पूर्ण फेऱ्या झाल्या की तिची साठवणशक्ती मूळच्या ८० टक्क्यांवर येते. रोज एक फेरी धरली तर दीड वर्षाच्या आसपास. त्यात उष्णता ही बॅटरीची वैरीण. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवलेला फोन काय भोगत असेल, ते त्यालाच ठाऊक. आपण म्हणतो, "फोन जुना झाला". पुष्कळदा जुनी झालेली असते ती फक्त ही सहाशे रुपयांची वडी.

ह्या वडीवरून मोठे रामायण घडलेले आहे. जुन्या आयफोनची बॅटरी थकली की त्याचा वेग आपण मुद्दाम कमी करतो, असे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केले. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असे कारण दिले. ते खोटे नव्हते. पण मालकाला सांगितले नव्हते, आणि आपला फोन म्हातारा झाला असे समजून किती जणांनी नवा घेतला असेल! ओरड झाल्यावर कंपनीने बॅटरी बदलण्याचा दर उतरवला. अमेरिकेत ७९ डॉलरचे २९ झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सने ह्याच प्रकरणात कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला. माझ्या मते "चालतोय की अजून" ही वृत्ती जगभर वाढली, तिला ह्या प्रकरणाचाही हातभार लागला. बॅटरी बदलली की जुना घोडा पुन्हा धावतो, हे लोकांना तेव्हा कळून चुकले.

इथपर्यंत सारे ठीक होते. लोक शहाणे झाले, वस्तू टिकाऊ झाली, दुरुस्तीवाल्या पोराला काम मिळाले. त्या संध्याकाळी मात्र दाजींच्या अंगणात मला ह्या गोष्टीची दुसरी बाजू दिसली.

आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून, फोनवरून पिकाचा फोटो काढून, आपले पीक आपणच सातबाऱ्यावर नोंदवायचे. कल्पना चांगली आहे. तलाठ्याने चावडीत बसून पेरा लिहिण्याचे दिवस आपण पाहिलेले आहेत. आणि ही नोंद नुसती कागदी नाही. सोयाबीन सरकारी हमीभावाने विकायचे तर सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद लागते. २०२५-२६ च्या हंगामाला हा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. व्यापाऱ्याचा भाव त्याच्या खाली असला की ह्या नोंदीचे मोल कळते. नुकसानभरपाई, पीककर्ज, विमा, सगळ्यांना हीच नोंद आधार.

खरिपाच्या नोंदीची मुदत तोंडावर आली होती. आणि दाजींच्या फोनात ॲपची नवी आवृत्ती बसेना. दोष ॲपचा नव्हता. फोनच्या पोटात जागाच उरली नव्हती. २०१६ साली सोळा जीबी म्हणजे पुष्कळ वाटायचे. आता त्यातले निम्मे फोनच्या स्वतःच्याच संसाराला लागते आणि उरलेल्यात नऊ वर्षांचे जग कोंबलेले. भाचा शहाणा, बारावीला आहे. त्याने फोन हातात घेऊन सपाटा लावला. सुप्रभातच्या फुलांचे ढीग गेले, केळीच्या घडांचे व्यापाऱ्याला पाठवलेले फोटो गेले, लग्नांतले नाच गेले. तरी जागा पुरेना. मग त्याला आवाजाच्या फिती सापडल्या, पन्नासेक असतील.

"त्याला हात लावू नको," अक्का चुलीपाशी उभी राहून म्हणाली.

त्या फितींत दाजींच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. २०२० साली टाळेबंदीत घरोघरी माणसे अडकून पडली तेव्हा अक्काने सासूबाईंना गायला लावून त्या आपल्या फोनवर धरून ठेवल्या होत्या. पुढच्या वर्षी म्हातारी गेली. अक्काचा तो फोन पाण्यात पडला. फिती तेवढ्या मधल्या काळात दाजींच्या फोनात आलेल्या म्हणून वाचल्या. घरात त्यांची दुसरी प्रत नव्हती. मी गप्प बसलो. शहरात आपले सारे आपोआप कुठेतरी वर, ढगात, साठत असते. फोन बदलला तरी आठवणी मागे राहत नाहीत. डोंगरकड्यात ढग म्हणजे पावसाचा.

शेवटी भाच्याने दुकानातून एक मेमरी कार्ड आणले आणि ओव्या त्यात हलवल्या. मी एक प्रत माझ्याकडे घेतली. ॲप बसले, पण आता फोन इतका मंदावला की कॅमेरा उघडेपर्यंत दाजींची विडी संपे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वरच्या शेतात गेलो. सोयाबीन गुडघ्यावर आलेले, शेंगा भरत आलेल्या. दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा फोन मध्येच बंद पडला. तिसऱ्यांदा माझ्या फोनवरून नोंद केली. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी गावोगावी सहायक नेमलेले असतात, म्हणजे वाट अगदीच बंद झाली नसती. पण आपल्या शेताची नोंद आपल्या हाताने करायची म्हणून तर ही योजना! पुढे सप्टेंबरात मराठवाड्यावर पावसाने जे थैमान घातले ते सर्वांना आठवत असेल. पिकेच्या पिके पाण्याखाली गेली. त्या दिवसांत सातबाऱ्यावर पिकाची नोंद असणे आणि नसणे ह्यांत किती अंतर होते, ते सांगायला नको.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की, फोनला दोन आयुष्ये असतात. एक शरीराचे, ते बॅटरी, पिन, काच बदलून वाढवता येते, आणि ते वाढवायला आपण सारे शिकलो. दुसरे आज्ञावलीचे, ते कंपनीच्या हाती. कंपनी काही वर्षे फोनला सुधारणा आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवते, मग थांबवते. त्यानंतर एकेक ॲप त्या फोनकडे पाठ फिरवू लागते. ५ मे २०२५ पासून व्हॉट्सॲपने आयफोन ६ वर चालणे बंद केले. २०१४ सालचा तो फोन काहींच्या हातात अजून उत्तम चालत होता. बँकांची ॲपे तर सुरक्षेसाठी ह्याहून कडक असतात, आणि असायलाच हवीत.

अलीकडे ह्या दुसऱ्या आयुष्याची दोरी लांबते आहे, हे खरे. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षे दुरुस्त्या देण्याचे वचन दिले. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी एस २४ ला तेच दिले. पण हे झाले सत्तर-ऐंशी हजारांचे फोन. ऑक्टोबर २०२४ मध्ये गॅलॅक्सी ए १६ ह्या मध्यम किमतीच्या फोनला सहा वर्षांचे वचन मिळाले, ती बातमी मला जास्त महत्त्वाची वाटते. युरोपने तर २० जून २०२५ पासून नियमच केला: फोनची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे आज्ञावलीच्या सुधारणा, सात वर्षे सुटे भाग, आणि ८०० फेऱ्यांनंतरही ८० टक्के टिकणारी बॅटरी. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडले. आणि फोनसारख्या वस्तू दुरुस्त करायला किती सोप्या आहेत ह्याचा निर्देशांक ग्राहकाला कळावा, अशी शिफारस करणारा अहवाल मे २०२५ मध्ये एका समितीने दिला. तुमच्या-आमच्यासारख्या एकाच मालकाच्या फोनला हे पुरेसे होईलही. अडचण आहे ती साखळीची. पहिल्या मालकाने सहा वर्षे वापरला, दुसऱ्याने दोन, की तिसऱ्याच्या हाती पडते ते नुसते शरीर.

दाजींना मी हे सारे जेवताना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "पाव्हणे, बियाण्याच्या पिशवीवर तारीख असती. औषधाच्या बाटलीवर असती. गोळ्यांच्या पाकिटावर असती. मग फोनच्या डब्यावर काहून नसती, की हा अमुक सालापर्यंत चालंल म्हून?"

डब्यावर असतो तो फोन बनवल्याचा महिना. मला काही उत्तर देता येईना. मी विषय बदलावा म्हणून म्हटले, "दाजी, वडिलांकडचा फोन आता तुमच्याकडे पाठवतो. २०१९ चा आहे, पण दिसायला अगदी नवा."

"त्याला दुरुस्त्या कवापर्यंत?"

"त्या बंद झाल्या," मी म्हणालो.

अक्का वाढता वाढता हसू लागली. दाजी गंभीरच. "राग मानू नका पाव्हणे," ते म्हणाले, "पण आटलेली गाय दान करायची रीत आमच्यात न्हाई."

पुण्याला आल्यावर मी माझ्या २०२२ च्या फोनची माहिती काढली. २०२७ पर्यंत त्याला दुरुस्त्या मिळणार आहेत. त्यात नवी बॅटरी बसवून घेतली, आतले सारे पुसले, आणि सासूबाईंच्या ओव्या तेवढ्या सगळ्यांत आधी भरल्या. माझ्यासाठी नवा फोन घेतला. दुकानदाराला कॅमेऱ्याबद्दल काही न विचारता एवढेच विचारले की ह्याला दुरुस्त्या कोणत्या सालापर्यंत मिळतील. त्याने मालकाला विचारले, मालकाने आत कोणाला तरी फोन लावला. वीस मिनिटांनी साल कळले ते मी डब्यावर पेनाने लिहून ठेवले. मग नांदेडला वडिलांना कळवले की, ह्या खेपेला तुमची पाळी चुकवून फोन थेट डोंगरकड्याला धाडतो आहे, वाईट वाटून घेऊ नका.

"मला कशाला हवा?" वडील म्हणाले. "माझा चालतोय की अजून."